डिकीतला विलायती पंप

डमडमला राहणाऱ्या नानामामांची जुनी विलायती मोटार तुम्ही पाहिली नाहीत, सुटलात. डिकीचं झाकण वर टिकेना आणि काय मोडलंय ते कुणालाच कळेना. मिस्त्रीला डिकीत एक पितळी नळकांडं सापडलं, आत दट्ट्या. म्हणाला, "बाबू, हा झाकण उचलायचा पंप. निखळलाय."

"मला वाटलंच होतं," मामा म्हणाले.

मिस्त्रीनं दट्ट्या झाकणाला आणि नळकांडं डिकीच्या काठाला डाग देऊन पक्कं बसवलं.

दिवाळीत मामींनी विचारलं, "अहो, इथल्या चार मराठी घरांत मिळून एकच चकलीचा सोऱ्या. मी डिकीत ठेवलेला, कुठे गेला?"

"डिकीत फक्त पंप आहे," म्हणत मामांनी ऐटीत झाकण उघडलं.

मामींनी वाकून पंप न्याहाळला. मग घरातून चकलीचं पीठ आणून त्यांनी नळकांड्यात भरलं.

"आता झाकण हळूहळू लावा. मी खाली ताट धरते."