बारमाही टिकणारी माळ

— न्हाय भाऊ, ही नको. ही लाल-हिरवी तर मुळीच नको. आणि ती चांदणी कशाला काढली, ठेवा ती परत, मी माळ बोलली, चांदणी बोलली का? साधी पायजे, पांढरी, न्हायतर ती जरा पिवळसर असते — हां, वॉर्म बोलता ना तुमी, ती. घराच्या बाहेर लावायची, गॅलरीला. म्हणजे घराच्या न्हाय, गोदामाच्या. आमचं गोदाम हाय मानकोलीला, भाड्यानं दिलेलं, त्याच्या गेटला लावायची. घर आणि गोदाम एकाच कंपाउंडात हाय ना, म्हणून तोंडातून घर निघालं.

टिकाऊ पायजे, बाकी माझं काही म्हणणं न्हाय. दिवाळीत दीपेशनं — माझा पोरगा — नाक्यावरून माळा आणल्या, केसासारखी वायर, भाऊबीज उरकेपर्यंत अर्ध्या मेल्या. आमच्याकडं समोरून दिवसभर ट्रेलर जातात, धूळ अशी की गच्चीवर पापड घालायची सोय राहिली न्हाय. मागं खाडी. तो खारा वारा खिडकीचं लोखंड खातो, तर माळेची काय कथा. आणि थंडीत सकाळचं दंव पडतं ते वेगळंच, प्लगच्या पिना हिरव्या होतात. ही वायर जाड दिसते — रबरी हाय? वाकवून बघते हां. जोड कसा हाय? पेच फिरवून बंद होतो, पाणी आत जात न्हाय — बरं. आणि तो प्लगचा डबा मात्र घरात ठेवायचा, उघड्यावर न्हाय. कळतं मला, अगदीच काही अडाणी न्हाय मी.

पाऊस? डिसेंबरात कुठला पाऊस, ते काय मला ठाऊक न्हाय? पण बारमाही पायजे. एकदा लावली की काढायचीच न्हाय. दत्तजयंतीला लावायची, निमित्त चांगलं हाय, मंग संक्रांत झाली, शिवरात्र झाली, शिमगा, पावसाळा, गणपती — चालूच. म्हणजे कोणी विचारलं ना, ही कशाची गं रोषणाई, तर बोलायचं, ही तर असतेच. रोजची हाय. मंग ती नाताळातपण दिसली तर कोण काय बोलणार? — बघा. नाताळ बोलली मी. गोदामाला कुठला आला नाताळ.

बसते जरा. हे स्टूल धरेल ना मला? — सून माझी. रंजिता. वसईची. नाव ऐकून तुमाला काही कळलं? न्हाय ना, कोणालाच कळलं न्हाय. वसईकडं ते लोकपण आपल्यासारखीच नावं ठेवतात पोरींची, बोलतात मराठीच, माझ्यापेक्षा चांगलं बोलते ती. वैशाखात लग्न झालं. आमच्या आगरी लोकांत हळद कशी असते, भिवंडीत राहून तुमाला काय सांगायचं — गेटपासून तळ्यापर्यंत रोषणाई, अख्खं गाव जेवलं. चर्चमधलं लग्न त्याच्या आधीच तिकडं झालं होतं, आमी घरचेच तेवढे गेलो, कोणाला बोललो न्हाय. हळदीत पुतळाबाई, आमची चुलत सासू, भर मांडवात विचारते, कमळे, पोरगी आपल्यातली ना गं? मी बोलली, आपल्यातलीच. झाकली मूठ सव्वा लाखाची. आमचे हे बोलले, हळूहळू सांगू गावाला. ते हळूहळू अजून उजाडायचंय.

आता तुमी विचाराल, सून कशी हाय. काय सांगू. सून वाईट असती ना, आदळआपट करणारी, तर मला किती सोपं झालं असतं. गौरीला आमच्यात नव्या सुनेनं सुपं पुजायची असतात. पुतळाबाई भिंतीला टेकून बसली, डोळा न्हाय हलवला, आणि हिनं एक चूक केली न्हाय. आधी आठवडाभर माझ्या मागं मागं, आई हे कसं, आई पान कुठल्या बाजूला. त्या दिवशी बायका बोलल्या, कमळे, नशीब काढलंस. मी मिरवली. मिरवली ना, खोटं कशाला बोलू.

आणि तिनं मागितलं काय, तर एक चांदणी. भाजी निवडत होतो दोघी. बोलली, आई, नाताळला गॅलरीत एक चांदणी लावू का, आमच्याकडं — म्हणजे वसईला — दारात लावतात. मी मेथीवरनं मान वर केली न्हाय. बोलली, लाव की, पण आत खोलीत लाव, बाहेर कशाला, लोक उगाच चार गोष्टी विचारतात. ती बोलली, बरं. एवढंच. पुढं दोघींनी मेथी निवडली. ती रागावली असती, दीपेशकडं रडली असती, तर मला वाटलं असतं, चला, फिट्टंफाट झाली. पण ती आपली बरं बोलली आणि काड्या उचलून टाकायला गेली.

काल संध्याकाळी इस्त्रीचे कपडे आले. तिचे तिच्या कपाटात ठेवायला गेली, दार उघडलं, तर आत उजेड. खरंच सांगते भाऊ, आधी वाटलं मोबाईल राहिला पेटलेला. माळ होती. अशी बोटभर, सेलवर चालणारी. खालच्या कप्प्यात चपलेचा खोका आडवा केलेला, त्यात वाळलेलं गवत, मातीची आई, मातीचं बाळ, एक गाय. आणि वर हँगरला लटकलेल्या साड्या, त्यांचे पदर बाजूला करून पिना लावलेल्या, पेटू नयेत म्हणून. हळदीत मी नेसवलेली पिवळी साडीपण त्यातच. दार लोटलं मी. हळूच, आवाज न होता, चोरासारखं, माझ्याच घरात. हळदीला तळ्यापर्यंत उजेड पाडला आमी, आणि तिचा देव कपाटात. लाज वाटली. तिची न्हाय हो, माझी. जेवताना तिनं वाढलं आणि मला तिच्याकडं बघवेना.

म्हणून आली. पण आली कशी ते बघा. नाक्यावर काय दुकान न्हाय? दोन हायेत. एक तर आमच्याच भाडेकऱ्याचं. तिथं घेतली असती तर घरी पोचायच्या आधी गावात पोचली असती. म्हणून रिक्षा करून, ट्रॅफिकमधनं, इथं निजामपुऱ्यात, जिथं मला कुत्रं ओळखत न्हाय. आणि इथंही तुमाला काय बोलली? गोदाम. तुमी विचारलं होतं का? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

थांबा हां, फोन. — हां आत्या, बोला. न्हाय, बाहेर हाय. दवाखान्यात, दाढ दुखते. — हो, दीपेशचीच माणसं येणार ना, त्याचे सासू-सासरे, सुट्टी हाय त्यांना पंचवीसला. न्हाय न्हाय, काही कार्यक्रम न्हाय, सहजच येतात. ठेवते, डॉक्टर बोलावतात. — ठेवला. पुतळाबाई होती.

ऐकलंत? दाढ दुखते. तिचे आई-बाप सणाचं खायला घेऊन येणार, आणि मी बोलते सहजच. असू दे. ही जाड वायरवाली द्या. पूर्ण गॅलरीला पुरेल एवढी. आणि काळ्या पिशवीत द्या. आत कागदात गुंडाळा आधी, लांबट दिसायला नको.

काय? — मानकोलीला, हो, शाळेच्या मागं. दोन मजली, निळं गेट. का? — सून? उंच हाय, हो. चष्मा. तुमाला कसं ठाऊक? — कधी? — इथं? एवढ्या लांब कशाला येईल ती, तिला तर नाक्यावर — हां. हां, कळलं. सेलवाली तुमीच दिली म्हणा.

आणि ही? ही जाडवाली बघितली तिनं? हातात घेतली होती? — वाकवून पण बघितली. मंग परत का ठेवली? जड काय होतं तिला, कमावते ती, दीपेशला विचारायची पण गरज न्हाय. — काय बोलली? — न्हाय, नीट सांगा, जसं बोलली तसं सांगा.

'बाहेर न्हाय लावत आमच्यात.'

आमच्यात बोलली ती? आमच्याकडं न्हाय, सासरी न्हाय — आमच्यात? वसईला तर दारात लावतात.



पाणी हाय का हो. — न्हाय, काही झालं न्हाय मला, तुमी ते दुसरं गिऱ्हाईक बघा, उभे हायेत कधीचे.

भाऊ. ती पिशवी राहू द्या. कागद काढा. आणि मघाशी परत ठेवायला लावली ती चांदणी — मोठी, तीच — ती काढा. न्हाय, खोक्यात नको, रिक्षात मांडीवर घेते. दिसली तर दिसली. आता तुमी काही विचारू नका मला. द्या इकडं.