लँटर्नचं अकरावं पान

– नाही, तो रेकॉर्डर आधी बंद करा, मग बोलते. आणि दुकानाच्या दारात उभे राहू नका, आत्ता दहाची प्रार्थना सुटेल, चर्चमधली सगळी गर्दी इकडेच लोटेल – आत या, ह्या गठ्ठ्यावर टेका. टेका हो, तुमच्याच 'संडे लँटर्न'चा गठ्ठा आहे. शेवटचा. डब्लिनहून एवढ्या लांब मेयोत आलात, ते कशाला, तर वाचक कोण होते विचारायला! पेपर बंद करताना आठवण झाली होय?

कोण वाचायचं? कोण नाही वाचायचं ते विचारा! आधी बाबा विकायचे, मग मी. फादर लॅव्हेल वेदीवरून बजावायचे, हा पेपर घरात आणू नका – आणि त्यांची स्वयंपाकीणबाई माझ्या मागच्या दाराशी हजर! बायका आधी मयतीचं पान उघडायच्या, पुरुष फुटबॉलचं. वाचून झाला की गुंडाळी करायची, तिकीट लावायचं, की चालला इंग्लंडला. घरटी एक तरी पोरगा तिकडे बांधकामावर. पत्र लिहायचं कुणाला सुचतंय? पेपर गेला म्हणजे – आहोत आम्ही, बरे आहोत.

माझा भाऊ मॅलकी, तो बर्मिंगहॅमला. बाबांशी भांडून गेला, एका शब्दाचं पत्र नाही. दर सोमवारी मी पेपर धाडायचे. बाबा अंथरुणाला खिळले, नऊ वर्षं – आणि नऊ वर्षं एकच, मॅलकी आला का गं? मॅलकी आला का? मी समोर उभी, हातात चमचा, सूप गार होतंय... शेवटचा शब्दही तोच. माझं नाव नाही हो. एकदाही नाही.

बाबा गेले तेव्हा मॅलकीला तार केली म्हणून सांगितलं मी सगळ्यांना. केली नव्हती. त्या रविवारी बाबा गेल्याची बातमी अकराव्या पानावर, मयतीच्या पानावर आली. सोमवारी मी ते पान काढलं आणि उरलेला पेपर धाडला. का विचारू नका. मलाच – जाऊ दे. मला वाटलं, कळणार कसं त्याला? वेडी मी! बर्मिंगहॅमला प्रत्येक आयरिश चर्चच्या दारात लँटर्न विकायला असतो, हे मला, पेपर विकणारीला, कळू नये? आठवड्यात गुंडाळी परत आली. वर त्याचं अक्षर – 'डिम्फना, अकरावं पान राहिलंय.' बस.

मग? मग काय, धाडत राहिले. चौदा वर्षं झाली. उत्तर नाही. पण परतही येत नाही ना! कुणीतरी घेतंय म्हणजे. तेवढ्यावरच माझा आठवडा जातो – आणि तुम्ही म्हणता पुढच्या रविवारपासून पेपर नाही! मग त्या सोमवारी मी काय धाडू? सांगा ना. पत्र? पत्रात लिहू काय – काय लिहू हो मी?

...वही मिटा. मिटा म्हणते ना! यातलं एक अक्षर छापायचं नाही. लिहा – वाचक सगळ्या थरांतले होते. आता उठा, मला गठ्ठा सोडायचाय. लोक आले.