हाताचा फटका

— अगं हेतल, बेस ने! म्हणजे, बस या पायरीवर. क्लास उघडायला वेळ आहे, मॅडम फतेगंजहून आत्ता निघाल्यात. आणि ‘थाकली’ नाही, ‘थकले’. राग नको मानू हं, सवय आहे — आजूबाजूला सगळं गुजराती असताना अडतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलंय मी या बडोद्यात! आणि थकणारच तू, मीही थकले. अख्ख्या सयाजीगंजात बिनलिफ्टची एवढीच इमारत उरली होती की काय? सत्तरीत फ्रेंच, हसतेस ना? हस.

पण काय भाषा गं ही! गेल्या आठवड्यात मॅडमनी तो ‘कू’ शिकवला ना — म्हणजे फटका. बरं, फटका म्हणून गप्प बसावं की नाही? नाही. फोन करायचा तर ‘कू द फिल’, दोऱ्याचा फटका. मदत करायची तर ‘कू द मँ’ — हाताचा फटका! मग शाळेत मी जन्मभर पोरांना मदतच केली म्हणायची. आणि तो डोक्याचा फटका, ‘कू द तेत’ — विचार न करता केलेली गोष्ट — तो लिहून घेताना मला आमचा हेरंबच आठवला. माझा मुलगा. कुणाला न विचारता तुमच्यातली मुलगी आणली ना घरी, जिग्ना. नाही, मुलगी गुणाची. मी कधी तिला तोडून बोलले नाही, विचार कुणालाही — नियम एकच, जेवताना मराठी. शुद्ध. ती म्हणायची, ‘आई, भाजी छान झालं.’ मी म्हणायची, ‘झाली.’ तिनं पुढचा घास घ्यायच्या आत. हा काय जाच झाला? मदतच ती. चार वर्षं केली. पुढे पुढे ती जेवताना बोलेनाशीच झाली — मला वाटलं, वळण लागलं.

आता सगळी मॉन्ट्रियलला. नात पाच वर्षांची, आनंदी — नाव बारशाला मीच ठेवलं. शाळेत फ्रेंच, आईशी गुजराती. मराठी? एक अक्षर नाही. माझ्याशी बोलणार कशी? म्हणून तर ही वही. रविवारी व्हिडिओवर पाठ केलेलं वाक्य म्हटलं मी तिला — आजीला जरा मदत करशील का, ‘कू द मँ’ घालून. पोरगी हसली, मला थांबवलं, उच्चार सुधारला. परत म्हटलं, परत सुधारला. तीनदा. चौथ्यांदा तोंडच उघडेना माझं. मागे जिग्ना भाजी चिरत होती, तिच्यावरच घसरले — पोरीला दोन शब्द मराठी शिकवायला काय झालं होतं गं तुला? तर सुरी खाली ठेवून म्हणते — अगदी स्वच्छ, वाक्यात एक चूक नाही हं — “माझं मराठी चुकीचं आहे ना, आई. तिला कशाला चुकीचं शिकवू?”

...पाणी आहे का तुझ्याकडे? रडत नाहीये गं, धूळ किती आहे या जिन्यात. झाडत नाहीत मेले.

आल्या वाटतं मॅडम. चल, ऊठ, अजून एक मजला आहे. काय? ‘पिशवी मला आपा’? अगं, ‘आपा’ नाही, ‘द्या’ म्ह —

घे. घे, बाळ.