मनोऱ्याखालची मेंढरं

म्हसवडहून साताऱ्याला निघालेल्या एसटीत शिवतेज मांडीवर फाइल घेऊन बसला होता. हवेतले वायू मोजणाऱ्या उंच मनोऱ्यावर त्याची नोकरी. तिथं रोज दुपारी एक वाजताच मिथेन का वाढतो, यावर आज त्याचं भाषण होतं. वर्षभर खपून त्याने खापर दूरच्या उसाच्या पट्ट्यावर फोडलं होतं.

पुढच्या बाकावर दोन मेंढपाळ बसले होते.

“बिरदेवा, उन्हाचं मेंढरं कुठं बसवतुस रं?”

“त्या मनोऱ्याखाली, भाऊसो. यंत्राच्या खोलीची सावली हाय, एसीचं पाणी टपकतंय. दोनशे मेंढरं गारव्याला रवंथ करत्यात.”

“आन् साहेब?”

“त्यो एकच्या ठोक्याला जेवाय जातुया. त्यो भाईर, की आमी आत.”

“लेंड्या दिसत न्हाईत व्हय त्याला?”

“त्यो कवा खाली बगतोय? कायम आभाळाकडं तोंड!”

“पर तिथं करत्यात काय?”

“हवेतला ग्यास मोजत्यात म्हणं.”

“आमची साळंला जाणारी मंगल सांगत हुती, मेंढराच्या ढेकरातनं लय मिथेन निघतुया.”

“मग आमचाच मोजत असंल गड्या!”

दोघं खो-खो हसले. हसता हसता बिरदेव मागे वळला.

“पावनं, तुमी कुठं असता?”

शिवतेजने फाइल पालथी घातली.

“त्याच मनोऱ्यावर. शिपाई हाय.”

“आरं द्येवा! साहेबाला सांगू नगा हां.”

“न्हाई सांगत. सांगितलं तरी त्याला पटायचं न्हाई. लय शिकलाय त्यो.”