खत ढवळताना बोलायचं न्हाई

थांबा, चहा निवायच्या आत सांगतो, माझीच खोडी माझ्या अंगाशी कशी आली ते. सेलूत मन्मथअप्पा आमचे भिंतीला भिंत शेजारी. पावसाळा सरल्यावर त्यांनी बेलाच्या पारावरचं शेवाळ खरवडलं, वाळल्या पाल्यात मिसळून खताला टाकलं. मी भिंतीवरून सांगितलं, "अप्पा, रोज सकाळी तासभर ढवळा. पण मधी बोललात की खत नासलंच बघा!"

झालं! आमच्या सकाळच्या गप्पा बंद. मी "शरणार्थ अप्पा" म्हणून नमस्कार करावा, त्यांनी ओठावर बोट ठेवावं. भिंतीवर ठेवलेला त्यांचा चहा निवून जायचा. महिनाभरात मला करमेना. शेवटी हात जोडले, "अप्पा, थाप मारली होती मी. आता तरी बोला!"

अप्पांनी काठी बाजूला ठेवली. "पहिल्याच दिवशी कळलं होतं मला, दादाराव. पण तवापासून सकाळ लय निवांत जायलीय."