सईचे विषय

परवा सईच्या शाळेत माझी काय गोची झाली, ऐक. ती आता इयर नाइनला, म्हणजे इथे इंग्लंडात जीसीएसईचे, आपल्या दहावीसारख्या परीक्षेचे, विषय निवडायचे. पुढचं कॉलेज, युनिव्हर्सिटी, सगळं त्यावरच ठरणार. मी महिनाभर डोकं खातोय तिचं, आणि टीचर म्हणतात, "हिने एकही विषय निवडलेला नाही."

मी भडकलो. "का गं?"

"बाबा, आपण पुढच्या वर्षी नागपूरला परत जाणार ना? मग इथले विषय कशाला?"

"कोण म्हणालं?"

"तूच. दर दिवाळीला म्हणतोस."

हे सगळं इंग्लिशमध्ये, टीचरच्या देखत! त्यांनी मला विचारलं, "खरंच जाताय?" नाही म्हणायला म्हणून तोंड उघडलं, आणि बाहेर काय पडलं? "नेक्स्ट इयर."

वाटलं, हसतील. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "माझे वडील स्कॉटलंडचे, ग्लासगोचे. इथे रीडिंग शहरात नोकरीसाठी आले. तेही पुढच्या वर्षीच परत जाणार होते. शेवटपर्यंत. सई, तू विषय निवड."

अरे, ग्लासगोला तर इथून ट्रेन जाते!