सात नंबरची रिकामी खाट

कॉम्प्युटरचं कौतुक मला सांगू नका. नव्वदच्या सुमाराला बोईसरच्या एका नर्सिंग होमची सगळी व्यवस्था त्याच्याकडे गेली, आणि पाय मोडलेली आमची दांडी गावची काशीमावशी उपाशी राहिली. वाऱ्यासाठी ती आयाला पटवून चार नंबरवरून खिडकीपाशी, सात नंबरच्या खाटेवर गेली होती. ताट मात्र यादीप्रमाणे चार नंबरला जाई आणि तसंच परत येई.

जेवायला निघालेल्या मॅनेजरला मी वॉर्डात ओढत आणलं. हातातला डबा मावशीच्या खाटेवर ठेवून तो वाद घालू लागला.

"कॉम्प्युटर सांगतो, सातवर कोणी नाही."

"मग ही बसलीय ती कोण?"

"नोंद नाही."

भांडून दमल्यावर त्याने डबा उचलला. रिकामा.

मावशीने पदराला हात पुसले. "सातवर कोनी नाय ना? मंग कोनीच नाय खाल्ला, बाबा."